दोन चुलींची गाडी



गेल्या हिवाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणासाठी पाच महिने न्यू जर्सीला होते. परत आल्यापासून मंदिरात भेटणारी प्रत्येकजण विचारते, "काकू, नात कशी आहे? तिकडचं काय काय पाहिलंत?" नात छान आहे. पाहिलं म्हणाल, तर सगळ्यात जास्त पाहिली ती लेकीची गाडी! आज त्या गाडीविषयीच लिहिते. यंत्रातलं मला काही कळत नाही. पण १९८२ साली बी.कॉम. झालेय आणि चाळीस वर्षं घराची वही लिहितेय, त्यामुळे हिशेब तेवढा कळतो. शिवाय आता आपल्याही घरात मुलं "आई, पुढची गाडी हायब्रिड घेऊ" म्हणायला लागलीत. तेव्हा आपल्यालाही दोन प्रश्न विचारता यायला हवेत.

आधी शब्द समजून घेऊ, कारण मलाही तिथे जाईपर्यंत सगळं एकच वाटत होतं. साध्या हायब्रिडमध्ये पेट्रोलचं इंजिन असतं आणि सोबत छोटी बॅटरी व मोटर. ही बॅटरी बाहेरून चार्ज करायची नसते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिन मिळून ती आपली आपण भरते. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसतं, नुसती मोठी बॅटरी. आणि प्लग-इन हायब्रिड या दोघींच्या मधली. पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय मध्यम आकाराची बॅटरी, जी घरच्या सॉकेटवर चार्ज करायची. चार्ज असेल तोवर साधारण तीस-चाळीस मैल गाडी विजेवर जाते. बॅटरी संपली की इंजिन सुरू होतं.

मी यांना फोनवर सांगताना म्हटलं, "अहो, आपल्याकडे गॅसची शेगडी आणि शेजारी इंडक्शन आहे ना, तशी ही दोन चुलींची गाडी." हे लगेच म्हणाले, "मग बरंच आहे की! लाइट गेली तर गॅस, सिलिंडर संपला तर इंडक्शन." ऐकायला ते खरंच बरं वाटतं. लेकीने आणि जावईबापूंनी चार वर्षांपूर्वी हाच विचार करून ती गाडी घेतली होती. तेव्हा सरकारी करसवलतही होती. घर भाड्याचं, पण त्याला गॅरेज होतं आणि गॅरेजमध्ये सॉकेट. रात्री आल्यावर वायर लावायची, सकाळी गाडी तयार. ऑफिसला जाणं-येणं विजेवर. पहिली दोन वर्षं छान गेली.

मग जावईबापूंची नोकरी बदलली आणि ते अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. तिथे गाडी उघड्या पार्किंगमध्ये, चौथ्या मजल्याच्या खाली. सॉकेट नाही. जवळच्या दुकानाबाहेर चार्जर होते, पण बहुतेक प्लग-इन हायब्रिड गाड्यांना झटपट चार्जिंगची सोय नसते. तिथे तीन-चार तास गाडी लावून कोण बसणार? वायरची पिशवी डिकीत गेली ती तिथेच राहिली. मी डिंक-खारकांचं सामान ठेवायला डिकी उघडली तेव्हा तिच्यावर धुळीचा थर होता. म्हणजे दुसरी चूल होती, पण कित्येक महिने पेटलीच नव्हती. गाडी मात्र त्या बॅटरीचं दीडशे-दोनशे किलोचं ओझं घेऊन रोज फिरत होती.

आणि लेकीला नववा महिना लागला तेव्हा एका सकाळी गाडीच्या काचेमागे लाल दिवा लागला. बॅटरी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतला एक भाग बिघडला होता. वर्कशॉपमध्ये सांगितलं, वॉरंटी आहे, पैसे लागणार नाहीत, पण भाग बाहेरून मागवावा लागेल. आठ दिवस म्हणता म्हणता चोवीस दिवस गेले. बदली गाडी "उद्या देतो" म्हणाले आणि तो उद्या काही आला नाही. कळा सुरू झाल्या त्या पहाटे, बर्फ पडत असताना. आम्ही दवाखान्यात गेलो ते शेजारच्या गुजराती कुटुंबाच्या गाडीतून. ती माऊली रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून गाडी काढायला खाली आली. त्या वीस मिनिटांत मी किती वेळा णमोकार म्हटला ते मला आठवत नाही. सगळं नीट पार पडलं. पण मांडीवर बॅग घेऊन मागच्या सीटवर बसलेली मी एकच विचार करत होते: एवढी महाग गाडी घेतली आणि वेळेला शेजार धावला.

सव्वा महिना झाल्यावर लेक म्हणाली, "आई, ही गाडी काढून टाकायची का? की ठेवायची? आणि काढली तर पुन्हा प्लग-इन घ्यायची का? तू हिशेबाची आहेस, तूच सांग." मी तिच्याकडून वही मागून घेतली.

पहिला हिशेब नवीन गाडीचा. साधी हायब्रिड आणि त्याच प्रकारची प्लग-इन, अशी दोन कोटेशनं तिने आणली होती. दोन्हींत सहा हजार डॉलरचा फरक होता. पूर्वीची साडेसात हजार डॉलरपर्यंतची केंद्राची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झाली, त्यामुळे हा फरक आता खिशातूनच द्यायचा. मग मैलाचा खर्च काढला. तिच्या बिलात वीज सगळे आकार धरून युनिटला साधारण २० सेंट. अशी गाडी एका युनिटमध्ये तीनेक मैल जाते. म्हणजे विजेवर मैलाला पावणेसात सेंट. पेट्रोल गॅलनला ३ डॉलर २० सेंट आणि साधी हायब्रिड एका गॅलनमध्ये चाळीस मैल जाते असं धरलं, तर मैलाला आठ सेंट. फरक किती? सव्वा सेंट! वर्षाला आठ हजार मैल विजेवर गेले, तरी बचत शंभर-सव्वाशे डॉलर. सहा हजार भरून निघायला पन्नासएक वर्षं लागतील. तोवर माझी नातसुद्धा आजी होईल.

मी दोनदा तपासलं, कारण मलाच खरं वाटेना. मग लक्षात आलं की जाहिरातीत तुलना असते ती साध्या पेट्रोल गाडीशी. गॅलनमध्ये अठ्ठावीस मैल जाणारी गाडी धरली तर मैलाला साडेअकरा सेंट पडतात. मग वर्षाला पावणेचारशे डॉलर वाचतात आणि आकडा बरा दिसतो. पण दुकानात समोर साधी हायब्रिड उभी असताना पेट्रोल गाडीशी तुलना का करायची? भाव विचारताना आपण मालाची जात बघतो, तसंच हे. ज्यांना रात्रीची वीज निम्म्या दराने मिळते त्यांचा हिशेब वेगळा येईल. त्यांनी आपलं बिल समोर ठेवून मांडावा.

दुसरा हिशेब भरवशाचा. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाची संस्था आहे. ती दरवर्षी लाखो गाडीमालकांना विचारून कुठल्या गाड्या किती बिघडतात ते छापते. त्यांच्या २०२३ च्या पाहणीत साध्या हायब्रिड गाड्यांमध्ये पेट्रोल गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी तक्रारी होत्या. आणि प्लग-इन हायब्रिडमध्ये? १४६ टक्के जास्त! पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, तो आकडा ७० टक्के जास्त असा आला. म्हणजे सुधारणा आहे, पण अजून साध्या गाडीची बरोबरी नाही.

असं का, ते कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. टोयोटाची प्रायस ही साधी हायब्रिड जपानमध्ये १९९७ साली आली. म्हणजे या रेसिपीवर पाव शतकाहून जास्त काळ हात बसलाय. बाजारात विकली जाणारी पहिली प्लग-इन चीनमध्ये बीवायडी कंपनीने २००८ च्या अखेरीस आणली आणि अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट २०१० च्या अखेरीस आली. इतर बऱ्याच कंपन्या तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी यात उतरल्या. शिवाय एका गाडीत पूर्ण इंजिन, त्याचं ऑइल, फिल्टर, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर हे सगळं आहेच. त्यावर मोठी बॅटरी, तिला थंड ठेवणारी यंत्रणा, चार्जर आणि या दोघांचं जमवणारा कॉम्प्युटर. दोन स्वयंपाकघरं असली की दोन्हीकडचे नळ गळतात, त्यातलाच प्रकार. काही कंपन्यांना तर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बॅटरी पेटण्याची भीती होती म्हणून मालकांना सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका आणि घरापासून लांब उभी करा. अर्थात सरासरी म्हणजे सरासरी. काही प्लग-इन गाड्यांचा लौकिक उत्तम आहे.

हे मी डोळ्यांनीही पाहिलं. लेकीच्या ओळखीचं एक नाशिककडचं कुटुंब तिथे स्वतःच्या घरात राहतं. त्यांची प्लग-इन चार वर्षं एका तक्रारीशिवाय चाललीय. बाईंचं ऑफिस बारा मैलांवर. घरी आल्या की पर्स ठेवण्याआधी वायर लावतात. साध्या सॉकेटवर रात्रभरात गाडी भरते. पेट्रोल दोन महिन्यांतून एकदा. आणि सुट्टीत नायगारा किंवा बोस्टनला जाताना चार्जर कुठे मिळेल ही काळजी नाही. त्यांना मी कशी म्हणू की तुमचं चुकलं? त्यांचं अगदी बरोबर आहे. थंडीत पुढची काच साफ करायला गरम हवा लावली की त्यांचंही इंजिन सुरू होतं, पण तेवढं चालायचंच, असं त्या म्हणाल्या.

मग एकच प्रकारची गाडी एका घरात गुणाची आणि दुसऱ्या घरात ओझं कशी? यावर मी बरेच दिवस विचार केला. उत्तर आपल्या घरातच मिळालं. ही नियमाची गाडी आहे. आपण पाणी गाळतो. ते एक दिवस गाळलं आणि सहा दिवस नाही, असं चालत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम रोज पाळला तरच तो नियम. ही गाडीही रोज संध्याकाळी वायर लावणाऱ्याला फळते, बाकीच्यांना नाही.

आणि माणसं रोज लावत नाहीत, हे आता मोजून झालंय. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांमधली खरी नोंद प्रसिद्ध केली. २०२१ सालच्या प्लग-इन गाड्यांचा धूर प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघाला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हा फरक वीसेक टक्केच होता. त्याआधी २०२२ मध्ये युरोपातल्याच एका अभ्यासात दिसलं की स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेले लोक निम्म्याच्या जरा कमी अंतर विजेवर कापतात, आणि ऑफिसने गाडी दिलेले लोक जेमतेम ११ ते १५ टक्के. कारण उघड आहे. पेट्रोलचं बिल कंपनी भरत असेल तर घरची वीज कोण जाळेल?

आपल्याकडे अनर्थदंड असा शब्द आहे. प्रयोजन नसताना होणारी हिंसा, उगाचचा नाश. संसारात काही आरंभ टळत नाही, गाडीही टळत नाही. पण जी बॅटरी वापरायचीच नाही ती घडवायला जमीन खणायची, आणि मग ती रोज पेट्रोल जाळून वाहून न्यायची, याला दुसरा शब्द मला सुचत नाही. प्लग नसलेल्या घरात प्लग-इन घेणं मला म्हणून पटत नाही. पर्यावरणाचं नाव त्याला देऊ नये.

आता राहिला तिसरा प्रश्न: आहे ती गाडी ठेवायची की काढायची? इथे माझं आणि लेकीचं पटलं नाही, तेही सांगते. माझी वही म्हणत होती, ठेवा. गाडीचे पैसे फिटलेत, बिघाड दुरुस्त झालाय, बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे, त्यातली चारच गेली. चार्ज केली नाही तरी ती साध्या हायब्रिडसारखी चालतेच. विकली तर घाटा. घेतलेल्या वस्तूवर रुसून नवी घ्यायची ही काही आपली रीत नाही. जावईबापूंचंही तेच मत होतं.

लेक बाळाला थोपटत ऐकत होती. म्हणाली, "आई, तू निघून जाशील. हे महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी. रात्री हिला ताप आला आणि तो दिवा पुन्हा लागला तर? हे तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिलंयस?"

कुठल्याच नाही. मी गप्प बसले. चाळीस वर्षं जमा आणि खर्च असे दोन रकाने लिहीत आले, भरवशाचा रकाना कधी आखला नाही. कारण माझ्या घरी कायम दुसरं कुणीतरी होतं. सासूबाई होत्या, दीर होते, गल्लीत दहा घरं आपली होती. गाडी बंद पडली तर हाक मारायला माणूस होता. तिच्याकडे त्या देशात, त्या बर्फात, एकच गाडी आहे. एकच असेल तर ती बिनतक्रार हवी. त्यांनी गाडी विकली आणि तीन वर्षं वापरलेली साधी हायब्रिड घेतली. जास्तीचे पैसे फार पडले नाहीत. मी वहीत तिसरा रकाना आखला. तिचं बरोबर होतं.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे प्लग-इन हायब्रिड म्हणजे अजून श्रीमंतांचं काम. बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२ च्या डिसेंबरमध्ये आली तेव्हा तिची किंमत २ कोटी ६० लाख होती! आपल्या आवाक्यातली एकही मला शोरूममध्ये दिसली नाही. मुलं "हायब्रिड" म्हणतात ती साधी हायब्रिड. गंमत अशी की प्लगचा खरा फायदा आपल्याकडे झाला असता. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. लिटरला वीस किलोमीटर जाणाऱ्या हायब्रिडला किलोमीटरला पाच रुपये पडतात. विजेला युनिटला बारा रुपये धरले आणि युनिटला सहा किलोमीटर, तर दोनच रुपये. म्हणजे तिकडे गाडी आहे पण फायदा थोडा, आणि इकडे फायदा आहे पण गाडी नाही. उद्या ती येईल तेव्हा कराकडेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, छोट्या पेट्रोल गाडीवर १८ आणि मोठ्या गाडीवर, हायब्रिड असली तरी, ४० टक्के आहे. आणि घरच्या मीटरवर चार्ज केली तर वीजबिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, ते विसरू नका. गाडीसाठी वेगळा मीटर घेता येतो का, ते आधी विचारा.

म्हणून मुलांनी कुठलीही प्लगची गाडी सुचवली तर मी हे चार प्रश्न विचारीन. तुम्हीही विचारा.

गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे आपल्या मीटरचं सॉकेट आहे का? "सोसायटी देणार आहे" हे उत्तर धरायचं नाही.

रोजचं जाणं-येणं किती? ते बॅटरीच्या टप्प्यात बसतं का?

वायर रोज कोण लावणार? नाव सांगा.

ती गाडी पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये राहिली तर आपलं कशावर भागेल?

चारही उत्तरं नीट आली तर खुशाल घ्या, त्या नाशिकच्या बाईंसारख्या सुखात राहाल. एक जरी अडलं तर साधी हायब्रिड किंवा साधी गाडी बरी. आणि आहे ती नीट चालत असेल तर तीच सगळ्यात बरी. आमची बारा वर्षांची जुनी गाडी यंदाही कुंथलगिरीला जाऊन आली. हे म्हणतात, आता बदलू. मी म्हणते, परिग्रहाला परिमाण हवं, आणि आपलं परिमाण अजून व्यवस्थित चालतंय.

तुमच्या घरी कुणी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड वापरत असेल तर अनुभव जरूर कळवा. चांगलाही आणि वाईटही. माझ्या हिशेबात चूक सापडली तर तीही दाखवा, या वयात मला राग येत नाही.

जय जिनेंद्र.